मॉडेल विमानांच्या जुन्या इलेक्ट्रिक मोटरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'मी जुन्या मोटरी जमवतो' असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे गाड्याच उभ्या राहतात. "एवढ्या ठेवता कुठे?" असा प्रश्न येतो. "बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत" हे उत्तर ऐकून निम्मे लोक विषय बदलतात. उरलेले निम्मे मात्र खुर्ची ओढून बसतात. त्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून एकदा सगळे उत्तरांसह लिहून काढले.

जुनी म्हणजे नेमकी किती जुनी?

याचा कायदा नाही. माझी रेघ साधी आहे: मोटरमध्ये कार्बनचे ब्रश (फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे तुकडे) असतील आणि ती विमानासाठी विकली गेली असेल, तर माझ्या डब्यात तिला जागा आहे. साधारण २००० सालापर्यंतचा काळ यात येतो. त्यानंतर ब्रशलेस मोटरी आणि लिथियम पॉलिमर बॅटऱ्या आल्या आणि चार-पाच वर्षांत सगळं चित्र पालटलं. १९९० नंतरच्या सुरुवातीच्या काही ब्रशलेस मोटरींनाही मी अपवाद म्हणून घेतो. कॅलिफोर्नियाच्या एव्हॉक्सच्या मोटरींत हॉल सेन्सर (फिरत्या चुंबकाची जागा ओळखणारे) असायचे आणि मोटरमधून तीन जाड वायरींबरोबर बारीक वायरींचा एक झुपका बाहेर यायचा. तो झुपका पाहिला की त्या काळातल्या लोकांची धडपड कळते.

विजेवरची मॉडेल विमानं हा तर अलीकडचा प्रकार ना?

बहुतेकांना असंच वाटतं. पण १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात गास्तों तिसांदिए यांनी हवाई जहाजाचं एक छोटं मॉडेल मांडलं होतं आणि त्यात गुस्ताव त्रुवे यांची चिमुकली मोटर होती. ते वायूने तरंगणारं होतं, म्हणून विमानवाले त्याला मोजत नाहीत. ठीक आहे.

रेडिओ कंट्रोलवर उडालेल्या इलेक्ट्रिक विमानाची पहिली अधिकृत नोंद ३० जून १९५७ ची आहे. इंग्लंडमध्ये कर्नल एच. जे. टॅपलिन यांनी 'रेडिओ क्वीन' नावाचं आपलं विमान कायम चुंबकाच्या मोटरवर आणि सिल्व्हर-झिंक बॅटरीवर उडवलं. सिल्व्हर-झिंक म्हणजे अक्षरशः चांदी, त्यामुळे ते सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं.

आवाक्यात आणलं ते फ्रेड मिलिट्की यांनी. ते जर्मनीतल्या ग्राउपनर कंपनीत होते. १९६० च्या सुमारास त्यांचं 'सिलेंटियस' हे विजेवर उडणारं फ्री-फ्लाइट (रिमोटशिवाय, सोडलं की आपलं आपण उडणारं) मॉडेल किटच्या रूपात दुकानात आलं. त्यात फ्रित्झ फाउलहाबर यांच्या पद्धतीची 'मायक्रोमॅक्स' मोटर होती. या मोटरच्या आर्मेचरमध्ये, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागात, लोखंडाचा गाभा नसतो, तारेचंच विणलेलं घंटेसारखं भांडं फिरतं. त्यामुळे ती हलकी असते आणि वीज कमी खाते. (अशा कोअरलेस मोटरी आपल्याकडेही बनतात. अंधेरीच्या सीप्झमध्ये पोर्टएस्कॅपचा कारखाना आहे.) मिलिट्की तिथे थांबले नाहीत. ऑक्टोबर १९७३ मध्ये ऑस्ट्रियात हाइनो ब्रडिट्श्का यांनी विजेवर चालणारं, माणूस बसलेलं एमबी-ई१ हे विमान उडवलं, त्यामागे मिलिट्कींचंच डोकं होतं.

तिकडे कॅलिफोर्नियात रॉबर्ट आणि रोलंड बाउचर या भावांची ॲस्ट्रो फ्लाइट कंपनी होती. ४ नोव्हेंबर १९७४ ला त्यांचं 'सनराइज' हे सौरऊर्जेवरचं बिनमाणसाचं विमान उडालं. पण मला खरी गंमत वाटते ती १९८० च्या 'गॉसमर पेंग्विन'ची. पॉल मॅक्रेडी यांच्या या सौरविमानात ॲस्ट्रो फ्लाइटची 'ॲस्ट्रो ४०' मोटर होती, म्हणजे मॉडेल विमानाच्या कॅटलॉगमधली. सौरपट्ट्यांची ताकद होती ५४१ वॅट, घरातल्या मिक्सरएवढी. तेवढ्यावर माणूस उचलायचा तर माणूस हलका हवा. म्हणून पहिल्या चाचण्यांना मॅक्रेडींचा १३ वर्षांचा मुलगा मार्शल बसला, वजन सुमारे ३६ किलो. मोठ्या प्रात्यक्षिकाला जॅनिस ब्राउन बसल्या. त्याही ४५ किलोच्या आतल्या. ॲस्ट्रो ४० हातात धरली की मला ते पोर आठवतं.

मोटरवरचे आकडे काय सांगतात? ०५, ३८०, ४००, ५४० यांत मोठा कोण?

इथे नवखा माणूस हमखास फसतो, कारण हे आकडे तीन वेगवेगळ्या भाषांतले आहेत.

अमेरिकन आकडे (०५, १५, २५, ४०, ६०) इंधनाच्या इंजिनांवरून आले. ०५ म्हणजे ०.०५ घनइंचाच्या ग्लो इंजिनाची जागा घेणारी मोटर, ४० म्हणजे ०.४० घनइंच, सुमारे साडेसहा सीसी. गिऱ्हाईक इंजिनवालं होतं, त्याला त्याच्या भाषेत सांगायचं, एवढाच हेतू. दावा थोडा ऐसपैसच असायचा.

जपानी आकडे माबुची कंपनीचे. ३८० आणि ५४० हे डब्याच्या, म्हणजे मोटरच्या बाहेरच्या पत्र्याच्या कवचाच्या, मापाचे नंबर आहेत. ३८० चा डबा सुमारे २७.७ मिलिमीटर व्यासाचा आणि शाफ्ट (मधला फिरणारा दांडा) २.३ मिलिमीटरचा. ५४० चा डबा ३५.८ चा आणि शाफ्ट ३.१७५, म्हणजे पावइंचाच्या निम्मा. ५५० चा व्यास तोच, फक्त लांबी जास्त.

जर्मन आकडे ग्राउपनरचे. 'स्पीड ४००' म्हणजे ३८० च्या मापाची मोटर, 'स्पीड ६००' म्हणजे ५५० च्या मापाची. म्हणजे ४०० ही ३८० पेक्षा मोठी नाही, तीच आहे. व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि डबा मोजा. स्टिकरपेक्षा कॅलिपरवर विश्वास ठेवा, कारण स्टिकर उलटसुलट चिकटवलेले मी पाहिले आहेत.

सुरुवात कोणत्या मोटरपासून करू?

स्पीड ४०० पासून. खूप बनल्या, अजून मिळतात, आणि बिघडली तरी जीव जळत नाही. ४.८, ६ आणि ७.२ व्होल्ट असे तिचे तीन प्रकार होते. तिन्ही मिळवायचे ठरवलं तर पहिल्या वर्षाला पुरेसं काम आहे. युरोपात या एका मोटरवर पायलॉन शर्यतींचा (खांबांना वळसे घालायच्या) अख्खा वर्ग चालायचा. स्वस्त मोटर सगळ्यांना सारखी, जिंकायचं ते विमानाच्या घडणीवर. शर्यतवाले ६ व्होल्टच्या मोटरला सात-आठ सेल लावायचे, म्हणजे तिच्या मानाने चांगलंच जास्त. म्हणून शर्यतीतली मोटर ओळखायची खूण म्हणजे जळकट वास.

त्यानंतर गिअरबॉक्ससकट एखादी लेझर (Leisure) कंपनीची ०५, आणि पुढे हात बसला की ॲस्ट्रोची कोबाल्ट चुंबकाची मोटर. जर्मन केलर किंवा गाइस्टच्या मोटरींच्या मागे पहिल्याच वर्षी लागू नका. त्या सुंदर आहेत, पण त्यांचे चाहते जुने आणि खिसे खोल असलेले आहेत.

गिअरबॉक्सचं एवढं काय?

बॅटरीची कमजोरी. त्या काळी विमानात निकेल-कॅडमियमचे (निकॅड) सहा-सात सेल असायचे, प्रत्येकी १.२ व्होल्ट, क्षमता १.२ अँपिअर-तास. मोटरने २० अँपिअर ओढले तर हिशोब करा: साडेतीन मिनिटांत खेळ खलास. सात सेलचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे. एवढं ओझं उचलून साडेतीन मिनिटं! मग प्रत्येक वॅटमधून ओढ काढायची म्हणजे पंखा (प्रोपेलर) मोठा आणि सावकाश फिरणारा हवा. पण छोटी मोटर जोरात फिरतानाच चांगली चालते. या दोघांचं लग्न लावून देणारा भटजी म्हणजे गिअरबॉक्स.

मला विचाराल तर हा छंद मोटरींचा कमी आणि बॅटऱ्यांच्या दारिद्र्याचा जास्त आहे. जाड तारेचे मोजके वेढे, कोबाल्टचे महागडे चुंबक, गिअर, घडीचे पंखे, सगळं त्या साडेतीन मिनिटांची पाच मिनिटं करण्यासाठी. आजच्या विद्यार्थ्याला हे सांगून पटत नाही. त्याच्या हातात ब्रश घासून घासून संपलेली मोटर दिली की पटतं.

संग्राहकाने एक गोष्ट लक्षात ठेवायची: साध्या दोन चाकांच्या गिअरबॉक्सने पंख्याची दिशा उलटते, म्हणून त्याच्यासोबतची मोटर उलट फिरायला 'टाइम' केलेली असते, म्हणजे तिचे ब्रश किंचित उलट दिशेने सरकवलेले असतात. अशी मोटर गिअरबॉक्सपासून वेगळी करून विकली जाते आणि घेणारा म्हणतो, ही गरम का होते? मोटर आणि गिअरबॉक्सची जोडी फोडू नका.

पुण्या-मुंबईत मिळतात का?

अधूनमधून. एअरोमॉडेलिंग आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमधून आणि मोजक्या हौशी लोकांमुळे आलं, पण ते बराच काळ इंधनाच्या इंजिनांचं आणि रबराच्या दोरीचं होतं. म्हणून घरातून निघणारी मोटर बहुधा परदेशातल्या काकांनी किंवा मामांनी सुटकेसमधून आणलेली असते. विचारा. सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला तर माळ्यावरून काय काय खाली येतं!

जुन्या बाजारात (पुण्यातला, रविवार आणि बुधवारचा) मला विमानाची म्हणावी अशी मोटर आजवर दोनदाच सापडली. बाकी वेळा सापडते ती टेपरेकॉर्डरची. विक्रेता ठामपणे सांगतो, "साहेब, विमानाचीच आहे, बघा मेड इन जपान." खाली पाहावं तर ईजी-५३०, १२ व्होल्ट, २४०० फेरे. ही कॅसेट फिरवायची मोटर. तिच्या पोटात वेग स्थिर ठेवणारी छोटी सर्किट असते, म्हणून व्होल्टेज थोडं कमी-जास्त केलं तरी ती आपल्या चालीने चालते. विमानाला निरुपयोगी. पण हातात घेतल्यावर कशी ओळखायची? मागच्या बाजूला गती जुळवण्यासाठी एक बारीक भोक असतं, आणि बाहेरचं पत्र्याचं टोपण दुहेरी असतं. मी तरी अशा पाच-सहा आणल्याच आहेत. वीस रुपयांना एक, नाही कसं म्हणणार.

दुसरी गल्लत गाड्यांच्या मोटरींची. रिमोटच्या रेसिंग गाड्यांत ५४० च वापरायचे, डबा तोच. गाडीच्या मोटरवर वेढ्यांचा आकडा लिहिलेला असतो, '२७ टी' वगैरे. ती जमवायला हरकत नाही, फक्त विमानाच्या कप्प्यात ठेवू नका.

परदेशातून मागवताना काय काळजी घ्यायची?

खोक्यावर 'भेटवस्तू' लिहून आणायचा जुना जुगाड आता चालत नाही. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने-कुरिअरने येणाऱ्या भेटींची सवलत बंद झाली, अपवाद जीवरक्षक औषधं आणि राखी. (राखी! कोणीतरी सहृदय अधिकारी असणार.) कर भरायचा हे धरूनच किंमत काढा. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांवर नाही. तरी वर्णनात 'ड्रोन' हा शब्द विक्रेत्याने लिहू नये, हे त्याला आधी कळवा. 'वापरलेली डीसी मोटर, संग्रहासाठी' हे खरंही आहे आणि सरळही. आणि मोटरबरोबर जुनी बॅटरी पाठवू नका, असं दोनदा लिहा. माणूस प्रेमाने पाठवतो आणि पार्सल कुठेतरी अडकून बसतं.

घेण्याआधी तपासायचं काय?

फोटोवरून घेत असाल तर तीन फोटो मागा: शाफ्टचं टोक, मागचं टोपण, आणि भोकातून दिसणारा कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पाकळ्यांचा गोल). शाफ्टवर पक्कडीचे दात उमटले असतील तर कोणीतरी पिनियन (शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) उपटलेलं आहे, शाफ्ट वाकलेला असू शकतो.

हातात आली असेल तर बॅटरी लावायच्या आधी बोटांनी फिरवा. लोखंडी गाभ्याची मोटर अडखळत फिरते, टक-टक-टक. प्रत्येक टक सारखा जाणवला पाहिजे. एखादा ढिला लागला तर चुंबक सुटलेला किंवा तडकलेला असतो. मायक्रोमॅक्ससारखी कोअरलेस मोटर मात्र लोण्यासारखी फिरते. तिला टक असेल तर तीच बिघडली आहे. मग शाफ्ट आडवा हलवून पाहा. बुशिंग (शाफ्टला आधार देणारी कडी) झिजलं असेल तर खडखड बोटांना कळते.

नंतर नाक लावा. थट्टा नाही. जळलेल्या वार्निशचा वास वर्षानुवर्षं जात नाही.

मग दीड व्होल्टचा एक सेल. चांगली मोटर त्यावरही फिरते. आता मल्टिमीटर मध्ये घालून ७.२ व्होल्टवर, पंखा न लावता, किती करंट जातो ते पाहा. साध्या ५४० ला एक ते अडीच अँपिअर ठीक. इथे एक चकवा आहे. मोटर अपेक्षेपेक्षा *जास्त* जोरात फिरतेय आणि करंटही जास्त घेतेय, तर खूश होऊ नका. चुंबक अशक्त झाला की मोटर मोकळी असताना आणखी जोरात पळते, आणि पंखा लावला की दम टाकते. विक्रेत्याने चित्रफितीत नुसती भर्रर्र फिरवून दाखवली म्हणून भाळू नका.

तीन पाकळ्यांचा कम्युटेटर असेल तर प्रत्येक दोन पाकळ्यांमधला रोध मोजा. आकडा इतका लहान असतो की साधा मीटर नीट दाखवत नाही, पण तिन्ही वाचनं सारखी आहेत की एक वेगळं आहे एवढं कळलं तरी पुरे.

केव्ही काढता येतो का? जुन्या मोटरवर लिहिलेलाच नसतो.

येतो, आणि घरच्या ड्रिलवर. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. मोटरचा शाफ्ट ड्रिलच्या चकमध्ये हलक्या हाताने धरा, मोटर फिरवा आणि तिच्या टोकांवर तयार होणारं व्होल्टेज मोजा. ड्रिल मिनिटाला १,००० फेरे फिरत असेल आणि मीटर अर्धा व्होल्ट दाखवत असेल, तर केव्ही २,०००. ड्रिलच्या पाटीवरचा वेग धरू नका. स्वस्तातला लेझर टॅकोमीटर घ्या. आकडा चिठ्ठीवर लिहून मोटर ठेवायच्या डब्यातच टाका.

साफ कशी करू?

जमेल तितकी कमी.

सीलबंद डब्याच्या मोटरी (स्पीड ४००, साधी चंदेरी ५४०) उघडूच नका. पत्र्याच्या कानांनी त्या मिटवलेल्या असतात, आणि ते कान एकदा उघडून परत मिटले की तिसऱ्यांदा तुटतात. त्यांचे ब्रशही बदलता येत नाहीत. बाहेरून पुसा, शाफ्टच्या दोन्ही बुशिंगना सुईच्या टोकावर मावेल एवढं शिवणयंत्राचं तेल द्या, संपलं. तेल कम्युटेटरपर्यंत गेलं तर कार्बनच्या भुकटीशी मिसळून काळा चिखल होतो. गंज सोडवायचे फवारे याच कारणासाठी नकोत.

ब्रश काढता येणाऱ्या मोटरींत कम्युटेटर पाहा. तपकिरी, एकसारखा चकचकीत रंग चांगला. त्याला हात लावू नका, तो वर्षांच्या चालण्याने चढलेला मुलामा आहे. काळा किंवा खड्डे पडलेला असेल तर पेन्सिलीचं खोडरबर आणि कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. पाकळ्यांमधल्या फटीतली भुकटी काढायला लाकडी दातकोरणं. इमरी पेपर नको, त्याचे कण तांब्यात रुतून बसतात आणि ब्रश खातात.

कोअरलेस मोटर असेल तर काहीच करू नका. तिचे ब्रश केसासारखे बारीक, मौल्यवान धातूचे असतात.

आता माझा पराक्रम. अमेरिकन सैन्याच्या मोडीतून आलेली एक जड, हिरवट मोटर मला मिळाली होती. साठच्या दशकातली असावी. आत काय आहे पाहू म्हणून स्क्रू काढले, आर्मेचर बाहेर ओढलं, वर्तमानपत्रावर ठेवलं, चहा प्यायलो, पुसून परत बसवलं. लावून पाहतो तर आधीपेक्षा जोरात! मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. दोन मिनिटांत डबा हाताला चटका देऊ लागला. त्या मोटरचा चुंबक अल्निकोचा होता. अल्निकोला कायम समोर लोखंड लागतं. आर्मेचर बाहेर काढलं की चुंबकाची बरीचशी ताकद तिथल्या तिथे उतरते आणि परत बसवून ती येत नाही. जोडलेल्या अवस्थेत पुन्हा चुंबकीय करून घेणं एवढाच उपाय. मी ते अजून केलेलं नाही. मोटर कपाटात आहे, वरच्या चिठ्ठीवर तारीख आणि 'मीच' असं लिहिलंय.

फेराइटच्या करड्या चुंबकांना ही खोड नाही. कोबाल्टच्यांनाही नाही, पण ते चिनीमातीसारखे ठिसूळ असतात. पडली की तडा.

नवे ब्रश बसवले तर?

पंखा न लावता, निम्म्या व्होल्टेजवर अर्धा-पाऊण तास फिरू द्या, म्हणजे ब्रशचं टोक कम्युटेटरच्या गोलाईला घासून बसतं. पाण्यात बुडवून झटपट बसवायची गाड्यांवाल्यांची युक्ती आहे. ती खरोखर चालते, पण तांबंही तितक्याच झटपट झिजतं. शर्यतीसाठी ठीक, संग्रहासाठी नाही. मूळ ब्रश आणि स्प्रिंगा फेकू नका.

जळालेली मोटर रिवाइंड करून घ्यावी का?

कोपऱ्यावरचा रिवाइंडिंगवाला पाण्याच्या पंपाचं काम डोळे मिटून करेल, पण एवढ्याशा आर्मेचरला हात लावायला तो सहसा तयार होत नाही. तयार झालाच तर जुनी तार सोडताना वेढे मोजायला आणि तारेची जाडी मायक्रोमीटरने बघायला सांगा, त्याच्या शेजारी बसा. संग्राहक म्हणून माझं मत: जळालेली असली तरी मूळ गुंडाळणी ठेवा. चालणारी हवी असेल तर त्याच जातीची दुसरी शोधा.

जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या सोबत ठेवाव्यात?

मोटर ठेवायच्या डब्यात अजिबात नाही. हे सेल म्हातारपणी पाझरतात. आतला क्षार तारेच्या रबराखालून सरपटत पुढे जातो. वायर वरून ठणठणीत दिसते, सोलून पाहिली तर आतलं तांबं काळं ठिक्कर, सोल्डर धरतच नाही. मी एकदा चार इंच कापत गेलो तरी काळंच. तो क्षार मोटरच्या टर्मिनलपर्यंत पोहोचायच्या आत वायर कापा, फोटो काढून ठेवा आणि सेल वेगळे करा. कॅडमियम विषारी आहे. घंटागाडीत टाकायचं नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचं. प्रदर्शनासाठी पॅक हवाच असेल तर रिकाम्या नळकांड्यांवर जुनं वेष्टन चढवा.

पावसाळ्यात काय करता?

काळजी. कोकणातल्या मित्राची तर जुलैमध्ये झोपच उडते.

हवाबंद प्लॅस्टिकचे डबे, आत रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे. दाणे ओले झाले की ओव्हनमध्ये मंद तापवून परत. तांदळाच्या पुरचुंडीने काही होत नाही, उलट पिठूळ धूळ होते. मोटरींच्या पत्र्यावर बोटाला लागेल न लागेल असा व्हॅसलिनचा हात. काळा स्पंज वापरू नका. दमट हवेत तो काही वर्षांत चिकट डिंकासारखा होतो आणि लेबलांसकट निघतो. आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांपासून मोटरी लांब ठेवा. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतात, हे मी एका पारदर्शक झाकणाच्या खोक्याची किंमत मोजून शिकलो.

महिन्यातून एकदा प्रत्येक शाफ्ट बोटाने दोन फेरे फिरवायचा. आमच्याकडे हे काम नातवाकडे आहे. तो मोजत मोजत करतो.

खोकं आणि कागदपत्रं खरंच महत्त्वाची आहेत?

मोटरपेक्षा दुर्मीळ आहेत. मोटर वापरली जाते, खोकं फेकलं जातं. सूचनापत्रिकेवर कुठला पंखा, किती सेल, किती करंट असा तक्ता असतो, तो दुसरीकडे सहज सापडत नाही. आधीच्या मालकाने पेन्सिलीने 'सात सेल, ४ मि. १० से.' असं लिहिलं असेल तर ते खोडू नका. माझ्याकडच्या सगळ्यात आवडत्या कागदावर जर्मन छपाईच्या शेजारी कोणाच्या तरी हातचा एवढाच शेरा आहे: '२२ अँप. फार.'

किमतीत फसवणूक होते का?

होते, पण बहुतेक वेळा अज्ञानातून. 'दुर्मीळ' म्हटलेली मोटर दुर्मीळ नसते. जी खरंच दुर्मीळ असते ती 'खेळण्यातली मोटर' म्हणून पडलेली असते. एका विक्रेत्याने मला कोबाल्ट म्हणून फेराइट दिली होती. तक्रार करून उपयोग झाला नाही. तेव्हापासून वजन ग्रॅममध्ये विचारतो. एकाच जातीच्या दोन मोटरींचं वजन जुळलं पाहिजे.

या मोटरींवर विमान उडवावं का?

उडवा. सगळ्या नाही. ज्या जातीच्या दोन आहेत त्यातली एक. नवा ब्रशवाला स्पीड कंट्रोलर लावा आणि मोटरवर रेडिओचा आवाज दाबणारे कपॅसिटर आहेत का पाहा: दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरड, आणि प्रत्येक टोकापासून डब्याला ०.०४७. लिथियम पॅक जोडताना व्होल्टेजचा हिशोब करा. सात निकॅडचा पॅक भार पडल्यावर सात व्होल्टपर्यंत खाली यायचा, आजचा दोन सेलचा लिथियम पॅक पूर्ण भरलेला असताना ८.४ व्होल्ट आणि भाराखालीही फारसा पडत नाही. म्हणून पंखा एक माप लहान घ्या. अर्धा थ्रॉटल, तीन मिनिटं, मग उतरवून डब्याला बोट लावा. बोट ठेवता आलं तर परत उडवा.

गेल्या डिसेंबरमध्ये सकाळी साडेसातला, वारा सुटायच्या आधी, लेझरची गिअरवाली ०५ जुन्या घडणीच्या मोठ्या पंखांच्या विमानाला लावून आम्ही टेकडीमागच्या मैदानात गेलो. ब्रशलेसची किंचाळी ऐकायची सवय झालेल्या पोरांना वाटलं मोटर सुरूच झाली नाही. गिअरची फक्त शिवणयंत्रासारखी घरघर. विमान हातातून सुटलं, थोडं खाली दबलं, आणि मग वर चढत गेलं. मी घड्याळ लावलं होतं. पाच मिनिटं चाळीस सेकंद.